आज्याची शेवटची गावपळण

मला लोकांचे आवाज काढता येतात. वैभववाडीच्या शाळेत असताना हेडसरांचा आवाज काढून मी एकदा अख्खी नववी ‘ब’ मैदानात उभी केली होती. मग खरे हेडसर आले आणि दोन तास मी एकटीच उन्हात उभी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते या असल्या आवाजापायीच झालं.

माझा आजो, म्हणजे बाबांचा बापूस, या माघात गेला. तेराव्याला बाबा म्हणाले, तुला बोलता येतं, तूच चार शब्द बोल. मग मी दर शनिवारची गोष्ट सांगितली. आजो दर शनिवारी एस्टीने दोन गाड्या बदलून आमच्याकडे वैभववाडीला यायचा, मांडीवर माशांच्या तिखल्याचा डबा घेऊन. वासापायी कंडक्टर त्याला मागच्या सीटवर पाठवायचा. आजो त्याला म्हणायचा, “बाबा रे, ह्यो वास न्हय, माज्या नातीचो जेवान आसा.” कंडक्टर आणि आजो असे दोन्ही आवाज मी काढले आणि रडणारी माणसं हसली. गावपळणीचं मात्र मी तिथे बोलले नाही. ते इथे लिहिते.

ज्यांची गावं आचऱ्याच्या बाजूची नाहीत त्यांना गावपळण ठाऊक नसते. तिकडची काही गावं तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन तीन दिवस रिकामी करतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी वेशीबाहेर. मागे कोणी राहायचं नाही आणि मध्येच परत जायचं नाही. ते तीन दिवस गाव माणसांचा नसतो. मग कोणाचा असतो, असं मी लहानपणी आज्याला विचारलं होतं. “ता इचारूचा नसता,” एवढंच तो म्हणाला होता.

मी बारावीत होते तेव्हा मार्गशीर्षात कौल झाला. बाबांना रजा मिळाली नाही, म्हणून मी एकटीच गेले.

पहिला दिवस : व्हाळाच्या पलीकडे

आमच्या घरात तेव्हा दोनच माणसं, आजो आणि काकी. काका बोटीवर नोकरीला. मी पोचले तेव्हा काकी कोंबड्या पकडत होती आणि कोंबड्या काकीला दमवत होत्या. एक माडाच्या आळ्यात, एक न्हाणीत, एक थेट शेजारच्या पारूआजीच्या डोक्यावरच्या टोपलीत.

“तुजी कोंबडी माज्या टोपलेत येता ती नशीब काढता गो,” पारूआजी म्हणाली. “संध्याकाळी रस्सो पिऊक ये.”

“हात लावून बघ, म्हातारे!” काकी ओरडली.

आज्याने चूल विझवली, राखेवर पाणी शिंपडलं, दाराला कडी घातली आणि देवाला हात जोडून काहीतरी पुटपुटला. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दहा पावलांवरचं माणूस त्याला आवाजावरून कळायचं. पण जन्मात त्याने एकही गावपळण मोडली नव्हती. एका गावपळणीत आजीचं लुगडं घरात दोरीवर राहिलं आणि आजी तीन दिवस एका लुगड्यावर राहिली, पण आज्याने तिला वेस ओलांडू दिली नाही. आजी पुढे लवकरच गेली. बाबा तेव्हा सात वर्षांचे, काका चारचा. आज्याने दुसरं लग्न केलं नाही. पहाटे पेज शिजवून, पोरांच्या उशाशी झाकून तो होडीवर जायचा. बाबा अजून सांगतात, शाळेत सगळ्यांच्या शर्टाची बटणं आया लावायच्या, आमची बटणं जाळ्याच्या दोऱ्याने शिवलेली असायची. शर्ट फाटायचा, बटण तुटायचं नाही.

व्हाळ, म्हणजे वेशीवरचा ओढा, ओलांडून सड्यावर, वरच्या कातळी माळावर, अख्खा गाव उतरला होता. माडाच्या झापांच्या खोपी, तीन दगडांच्या चुली, खोपीखोपीत भाजलेल्या सुक्या बांगड्याचा वास. आमच्या वैभववाडीत मासे म्हणजे बाजारच्या दिवशी मिळतील ते आणि आज्याच्या डब्यातले. इथे दुपारीच पोरं खाडीवरून सुंगटं, म्हणजे कोळंबी, घेऊन आली. पत्ते सुरू झाले, भजन सुरू झालं. गावात एकाकडेच मोबाइल होता आणि त्याला रेंज फक्त सड्यावर, म्हणून तो माणूस गावपळणीवर सगळ्यात खूश. मला वाटलं, ही तर सहल आहे. भिण्यासारखं काय यात?

सूर्य खाडीकडे कलला तशा गप्पा हळू झाल्या. व्हाळाच्या पलीकडे आमची घरं दिसत होती. एकाही कौलातून धूर नाही. सगळ्यांनी आपापली बसायची जागा अशी फिरवली की तोंड त्या बाजूला येऊ नये. कोणी कोणाला सांगितलं नाही. मीही फिरवली.

दुसरा दिवस : दम

सकाळी आंबोळ्या खाऊन बायका म्हणाल्या, “कर गो नकला.” मला एवढंच हवं असतं. कंडक्टर झाला, रेडिओवरच्या बातम्या झाल्या, गावकर तातूचं देवापुढचं गाऱ्हाणं झालं. तातू म्हणजे आमच्या गावच्या देवाचा मानकरी, गावपळणीत सगळं त्याच्या शब्दावर चालतं. तो तिथेच होता. तो हसला नाही, पण मिशी हलली.

मग मी पारूआजी केली. पारूआजी कोंबडीमागे धावते, धापा टाकते, खाली बसते, छातीतून शिट्टी वाजते. ती शिट्टी मला कोणाकडून शिकायला लागली नव्हती. मला लहानपणी दमा होता. पाचवीत असताना मे महिन्यात गावात पहाटे मला असा दम लागला की नखं निळी झाली. पूल लांब पडायचा, म्हणून आज्याने मला होडीत घालून खाडीपलीकडच्या दवाखान्यात नेलं. वल्हवताना त्याला मागे वळून बघता येईना, म्हणून दर चार वल्ह्यांनी तो विचारायचा, “आसस मा गो?” आणि मी बोटाने फळीवर टकटक करायचे. दमा पुढे सुटला. शिट्टी येत राहिली, हवी तेव्हा.

हसून बायकांचा आवाज फुटेना, त्या आडव्या झाल्या. पारूआजीच म्हणाली, “मेल्यांनो, माज्यापरास बरी धापता ही!” म्हणून मी अजून ताणलं. श्वास आत ओढायचा, ओढायचा, आणि मध्येच तोडायचा.

आजो आमच्या खोपीच्या मागे झाप विणत बसला होता. हे मला माहीत होतं. त्याला दिसत नाही, हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी त्या वेळी डोक्यात एकत्र आल्या नाहीत.

थोड्या वेळाने काकी पेजेचा वाडगा घेऊन खोपीमागे गेली आणि तशीच परत आली. “म्हातारो खंय गेलो?”

“आसतलो हयच,” कोणीतरी म्हणालं.

पारूआजी नुकतीच व्हाळावरून पाणी घेऊन आली होती. ती म्हणाली, “माका तो आता व्हाळाकडे भेटलो. पंप पंप करून कायतरी बडबडत होतो. माका वाटला, बावडेचो पंप.”

काकीला त्यातून काही कळलं नाही. मला कळलं. दम्याचा पंप, तोंडात धरून ओढायचा तो.  आजो माझ्यासाठी घरी गेला होता.

सांगायचं कोणाला? काकीला सांगितलं असतं तर ती ओरडली असती आणि अख्ख्या सड्याला कळलं असतं. आज्यासारख्या माणसाने गावपळण मोडली हे तातूच्या कानावर गेलं असतं. मी कळशी उचलली. “पाणी घेऊन येते,” म्हणाले आणि व्हाळाकडे चालायला लागले. पळावंसं वाटत होतं, पण रिकामी कळशी घेऊन पळणारी मुलगी सगळ्यांना दिसते.

व्हाळ ओलांडला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. आमच्याकडे माणसं तिन्हीसांजेला भितात तशीच भर दुपारीही भितात, आणि का ते मला त्या दिवशी समजलं. अंधारात निदान काही दिसत नाही. इथे सगळं लख्ख दिसत होतं आणि माणूस नव्हतं. पाणंदीत सायकल टेकवलेली. दोरीवर कोणाचातरी राहिलेला टॉवेल, वारा नसताना किंचित हलणारा. एरवी मला बघून भुंकणारा कुत्रा नाही, म्हणून त्याच्या घरासमोरून मी जास्तच कडेकडेने गेले. विहिरीच्या रहाटाने एकदा कर्र केलं. कुठेतरी मागे झावळी खाली आली आणि मी कळशी टाकली. तिचा आवाज असा घुमला की मी दोन्ही हातांनी तिला धरून गप्प केलं, जशी काय ती पोर आहे.

हाक मारायची होती. तोंड उघडलं आणि कळेना, कुठला आवाज काढू. माझ्याकडे पंधरा-वीस माणसांचे आवाज आहेत. त्यातला एकही बाहेर येईना.

आमच्या दाराची कडी काढलेली होती. आत माजघरात आजो जमिनीवर बसला होता, भिंतीला टेकून, मान छातीवर. समोर त्याची पत्र्याची ट्रंक उघडी. तो हलत नव्हता.

मी दारातच उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. आत जायला हवं होतं आणि मी गेले नाही. माझ्या मनात आलं ते लिहिते: मी याला मारलं आणि आता हे घरी कोणाला कसं सांगू.

मग त्याचा हात हलला. तो ट्रंकेत चाचपत होता.

“आज्या,” मी म्हणाले.

त्याने मान वर केली. “कोण? बाय? तू हय कशी इलंस? चलत इलंस? बस, बस खाली. बोलू नको.” त्याच्या हातात पंप होता, नवा, खोक्यासकट. “ह्यो घे. ह्यो यंदाचो आसा. माका तारीख वाचूक येयना, म्हणान बसलंय. पयले सगळे भायर काढलंय, मगे चाचपून ह्यो कोरो खोको मेळालो.”

त्याच्या पायाशी आणखी खोकी होती. सहा की सात. एकही फोडलेलं नाही. मला पंप लागत नाही त्याला कितीतरी वर्षं झाली होती. आजो दरवर्षी मालवणात औषधाच्या दुकानात जायचा, नवा पंप आणायचा आणि ट्रंकेत ठेवायचा. मी सुट्टीला येणार म्हणून. मला कधी बोलला नव्हता, बाबांनाही नाही.

“मला आता बरं वाटतंय,” मी म्हणाले. खरं सांगायची ती वेळ होती आणि मी एवढंच म्हणाले.

त्याने मला जवळ ओढलं, पाठ वळवायला लावली आणि पाठीला कान लावला. लहानपणी लावायचा तसाच. बराच वेळ ऐकत राहिला. मग कान काढला आणि खोकी एकेक करून ट्रंकेत भरायला लागला. ट्रंकेचं झाकण लावलं. तेव्हा तो इकडेतिकडे बघायला लागला. त्याला दिसत नव्हतं, तरी बघत होता. आपण कुठे बसलोय हे त्याला आत्ता कळलं असावं.

“तू फुडे जा,” तो हळूच म्हणाला. “व्हाळावर कळशी भर आणि सरळ वर जा. मी मागसून वायच येळान येतंय. तू हय इलंस ता कोणाक सांगू नको. आयकलंस?”

“आणि तू?”

“माजा मी बघतंय.”

व्हाळापाशी मी झुडपाआड थांबले. तो काठी टेकत आला, पाण्यात एक वहाण रुतली, ती त्याने वाकून शोधून काढली. मग मी कळशी भरून पुढे झाले.

तिसरा दिवस : वाट बघणं

या दिवशी काही झालं नाही, आणि दिवस संपता संपेना. आजो जेवला नाही. “प्वाट जड आसा,” म्हणाला. काकीने कुळथाची पिठी केली, त्याने दोन घास घेतले. तो खोकला की मी उठून बसायचे. मला शिंक आली की तो मान वळवायचा. आम्ही दोघं एकमेकांवर पाळत ठेवून होतो.

दुपारी मुंगसाने काकीची कोंबडी नेली. एरवी यावर मी तासभर खेळ केला असता. त्या दिवशी वाटलं, शिक्षेला सुरुवात झाली.

“आज गप कशी गो?” पारूआजीने विचारलं. “माजी नक्कल कर बघया.”

“घसा बसलाय,” मी म्हणाले.

चौथा दिवस : कौल

चौथ्या दिवशी सकाळी तातू आणि पुजारी असे दोघेच देवळात जातात. देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं, गाव भरूया? उजवी पाकळी पडली तर हो. लोकांनी गाठोडी बांधून ठेवली होती, गुरांना दावी लावली होती. दोघं परत आले तेव्हा तातूच्या चेहऱ्यावरून कळलं. पाकळी पडलीच नव्हती. तीनदा लावली, तीनदा तशीच.

सडा गप्प झाला. म्हशीसुद्धा गप्प झाल्या असं मला वाटलं.

तातू मधोमध उभा राहिला. “कोण भितर गेल्लो काय? आत्ताच सांगा. लपवल्यात तर सगळ्या गावाक भोगूक लागात.”

मी उठणार होते. खरंच उठणार होते, गुडघे अर्धे सरळ झाले होते. पण लोकांचे चेहरे दिसले आणि ते गुडघे तिथेच राहिले. तेवढ्यात बाजूला काठी टेकल्याचा आवाज आला.

“मी गेल्लंय,” आजो म्हणाला.

काकीने तोंडावर पदर धरला. तातूला खरं वाटेना. “तू? कित्याक?”

“तमाखूची डबी इसारल्लंय.”

 मग सगळेच बोलायला लागले.

“तमाखूपायी? म्हाताऱ्या, लाज वाटाक नाय?”

“ह्योच आमका शिकवी, वेस ओलांडू नका!”

“माका मागल्लंस तर दिलं नसतंय काय तमाखू?” मोबाइलवाला म्हणाला.

आज्याने जन्मात खोटं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मान खाली घालून तो ते सगळं ऐकत होता. पारूआजी माझ्याकडे बघत होती. तिने पंप ऐकला होता. ती काही बोलली नाही आणि मीही बोलले नाही.

तातू पुन्हा देवळात गेला. नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं. या वेळी पाकळी पडली. गाव भरायचा, पण एका अटीवर. एरवी गावात सगळ्यांच्या शेवटी तातू शिरतो. तीन दिवसांत जे काय साचलेलं असतं ते शेवटच्या माणसाच्या पाठीवर बसतं अशी समजूत, आणि तातूला ते उतरवायचं ठाऊक असतं. या वेळी शेवटी आज्याने शिरायचं होतं.

“पुरो गाव भरलो, चुली पेटल्यो, मगे तू,” तातू म्हणाला. त्याचा आवाज जरा मऊ झाला होता. “माज्या हातात नाय रे.”

“बरा,” आजो म्हणाला.

दुपारनंतर लोक निघाले. गुरं, गाठोडी, कोंबड्यांच्या पाट्या. काकी म्हणाली, “तू म्हाताऱ्याक सोबत म्हणान थांब गो. मी जाऊन चूल पेटवतंय.” तातूने मला सांगितलं, “तू खंयाय येळाक इलंस तरी चालात. फक्त तो शेवटी.”

सड्यावर आम्ही दोघंच राहिलो. मोडलेल्या खोपी, विझलेल्या चुली, माशांच्या काट्यांवर कावळे. पलीकडे एका कौलातून धूर आला, मग दुसऱ्या. आजो दगडावर बसला होता.

“आज्या,” मी म्हणाले, “त्या दिवशी मला दम लागला नव्हता. मी पारूआजीची नक्कल करत होते.”

“ठावक आसा.”

“कधीपासून?”

“पाठीक कान लायलंय तेवाच. भितर एकदम साफ होता.”

“मग रागावला का नाहीस?”

त्याला त्या विचारण्याचं जरा नवल वाटलं. “खोटा होता ता बरा झाला मा गो,” तो म्हणाला. “वाटभर मी देवाक ह्याच मागी होतंय.”

सूर्य खाडीला टेकला. व्हाळाच्या पलीकडून तातूने हाक दिली. सगळ्या चुली पेटल्या होत्या. आजो उठला, मी त्याचा हात धरला. व्हाळापर्यंत आम्ही बरोबर गेलो. पाणी घोट्याएवढं होतं. समोर वेशीचा दगड.

तिथे मी थांबले. मीही आत गेले होते. हे दोघांना ठाऊक होतं आणि देवाला. शेवटी कोण शिरलं पाहिजे हे मला बारावीच्या वयात नीट कळत होतं. “आज्या, तू पुढे हो,” असं मला म्हणायचं होतं. मी ते मनात दोनदा म्हटलं. पण मागे रिकामा सडा होता, अंधारत होतं, आणि माझ्या पाठीला वारा लागत होता.

आज्याने माझा हात सोडवला. त्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण मी त्याचा हात किती घट्ट धरला होता ते त्याला कळलं असणार.

“जा बाय,” तो म्हणाला. “तू फुडे हो.”

या माघात आजो गेला तेव्हा डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, हृदय थकलं होतं. गावपळणीनंतर तो चांगली दोन वर्षं जगला, शनिवारचा डबा शेवटपर्यंत चुकला नाही. बाबा म्हणतात, असा मृत्यू सगळ्यांना येवो. मला हे सगळं पटतं. दिवसा पटतं.

पण त्या संध्याकाळी वेशीच्या दगडापाशी मी पुढे झाले. मागे वळून बघितलं नाही. पाण्यातून येणारी त्याची पावलं तेवढी ऐकत, घरापर्यंत चालत गेले.